शब्दरूप एक, कुळे अनेक

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण मागे पडले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे लागतात. उल्हास नदीच्या खोऱ्यातील या गावांची वस्ती आज जवळजवळ सलग झाली असली तरी त्यांची घडण निरनिराळ्या काळांत झाली आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहार राजवटीतील असून तेथील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा काळ कोरलेला आहे. बदलापूर हे जुन्या वाटेवरचे गाव. उल्हासनगर मात्र स्वातंत्र्यानंतरचे अपत्य होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला आणि त्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. छावणीचे भाग तेथे आजही ‘कॅम्प’ या नावाने आणि एक ते पाच या क्रमांकांनी ओळखले जातात.

या परिसरात आगरी आणि कुणबी समाजाची मराठी, ठाकर व कातकरी समाजांच्या बोली, सिंधी, पंजाबी, गुजराती, उत्तर भारतातून कामधंद्यासाठी आलेल्यांची हिंदी आणि कितीतरी दक्षिणी भाषा एकाच वेळी कानी पडतात. तहसील कार्यालयातील रांगेत, शाळेच्या वर्गात, ग्रामपंचायतीच्या सभेत या सर्व भाषांचे लोक एकत्र येतात. अशा ठिकाणी अनोळखी शब्दाची अडचण सहसा होत नाही. तो कळला नाही की माणूस अर्थ विचारतो. अडचण होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाची. रूप तेच, उच्चार जवळपास तोच. पण बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ एक आणि ऐकणाऱ्याच्या मनातील दुसरा. दोघांनाही आपल्याला समजले असे वाटते, म्हणून कोणीच विचारत नाही. प्रशासनात आणि शिक्षणात काम करणाऱ्यांनी या प्रकाराचा थोडा अभ्यास करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तीन गावनावांचे तीन धडे

अभ्यासाला दूर जाण्याचे कारण नाही. या तीन गावांची नावेच पुरेशी बोलकी आहेत.

‘उल्हास’ हा मूळ संस्कृत ‘उल्लास’. प्रकाशणे, उचंबळणे, आनंद होणे हे त्याचे अर्थ. संस्कृतात ग्रंथाच्या प्रकरणालाही ‘उल्लास’ म्हणत. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’चे दहा भाग या नावानेच ओळखले जातात. हिंदीने मूळ रूप राखले, मराठीने ‘ल्ल’चा ‘ल्ह’ केला. येथे कूळ एक, अर्थ एक आणि रूपात तेवढा फरक पडला. परंतु केंद्र शासनाच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे ‘उल्लास’ हे नाव घेतले तर निराळीच गोष्ट दिसते. समाजातील सर्वांना आजीवन शिक्षण मिळावे अशा आशयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे. आनंदवाचक संस्कृत शब्दाशी त्याचे रूप मुद्दाम जुळविण्यात आले; जन्म मात्र इंग्रजी आद्याक्षरांतून झाला.

‘अंबर’ या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. संस्कृतात ‘अंबर’ म्हणजे आकाश आणि वस्त्रही. ‘पीतांबर’ शब्दात वस्त्र आहे. ‘दिगंबर’ शब्दात दिशा हेच ज्याचे वस्त्र आहे असा अर्थ आहे. अंबरनाथ या नावातील ‘अंबर’ सामान्यतः आकाश या अर्थाने घेतला जातो. परंतु मराठवाड्याच्या इतिहासातील मलिक अंबर याच्या नावाचा आकाशाशी काही संबंध नाही. इ. स. १६२६ मध्ये निधन पावलेल्या निजामशाहीच्या या हबशी वजिराच्या नावातील ‘अंबर’ अरबी असून त्याचा अर्थ देवमाशापासून मिळणारे सुगंधी द्रव्य असा आहे. हाच अरबी शब्द युरोपात गेला, तेथे पिवळसर तांबूस राळेच्या खड्याला लागू झाला आणि पुढे त्या रंगाला. इंग्रजीच्या मार्गाने तो परत आला तेव्हा मराठीत ‘अंबर दिवा’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. २०१७ पर्यंत काही अधिकाऱ्यांच्या शासकीय वाहनांवर जो पिवळसर दिवा असे, त्याच्या नावात आकाश नव्हते. अरबस्तानातील एक सुगंधी द्रव्य होते.

बदलापूर या नावाविषयी स्थानिक परंपरा असे सांगते की, जुन्या काळी प्रवासी आणि स्वार येथे घोडे बदलीत. ‘बदल’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्यावरून बनलेला ‘बदली’ शब्द शासकीय सेवेतील प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कायम कामगाराच्या जागी तात्पुरते काम करणाऱ्याला ‘बदली कामगार’ म्हणत. हिंदीत मात्र ‘बदली’ हे लहानशा ढगाचेही नाव आहे आणि त्या ‘बदली’चे कूळ अरबी नव्हे. ते संस्कृत ‘वार्दल’ या पाण्याशी संबंधित शब्दापासून ‘बादल’ या मार्गाने आले आहे. मराठी घरातील ‘बादली’ तर तिसऱ्याच कुळातील असून पोर्तुगीज भाषेतील ‘बाल्दे’ या शब्दावरून आली आहे.

गावनावाच्या शेवटी येणारा ‘पूर’ संस्कृत ‘पुर’ म्हणजे नगर या शब्दापासून आला. नदीला येणारा ‘पूर’ भरणे या अर्थाच्या धातूपासून निघाला. मूळ संस्कृतात एकाचा उकार ऱ्हस्व, दुसऱ्याचा दीर्घ. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी गावनावातील ‘पूर’ दीर्घ लिहावा असे ठरविल्याने नागपूर, सोलापूर, बदलापूर ही नावे तशी लिहिली जातात आणि दोन्ही शब्दांचे लेखन एकरूप होते. हिंदी पद्धतीने मात्र तीच नावे ऱ्हस्व लिहिली जातात.

या तीन नावांतून तीन गोष्टी हाती लागतात. कूळ एक असूनही रूप बदलू शकते. रूप एक असूनही कूळ वेगळे असू शकते. आणि शब्द एका भाषेतून दुसरीत, तेथून तिसरीत फिरून नव्या अर्थाने घरी परत येऊ शकतो.

एक कूळ, वेगळे संसार

एकाच शब्दाचे वंशज निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या अर्थांनी नांदतात, याचे या परिसरातील उत्तम उदाहरण ‘गोठा’ हे आहे. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गाई बांधण्याची जागा. मराठीत त्याचा ‘गोठा’ झाला आणि अर्थ कायम राहिला. सिंधीत त्याच शब्दाचा ‘गोठु’ झाला. परंतु सिंधीत ‘गोठु’ म्हणजे गाव. जेथे गाई बांधल्या तेथे माणसांची वस्ती झाली, वस्तीचे गाव झाले आणि जागेचे नाव गावाला चिकटले. एखादा वृद्ध सिंधी गृहस्थ सिंधमधील आपल्या ‘गोठा’विषयी सांगू लागला तर तो गुरांच्या निवाऱ्याविषयी बोलत नसतो, गमावलेल्या गावाविषयी बोलत असतो. ‘गोष्ट’ आणि ‘गोष्ठी’ हे शब्दही याच कुळातील. गाईंच्या ठाण्याजवळ लोक जमत, बोलत. त्या मेळाव्याला आणि संभाषणाला ‘गोष्ठी’ म्हणू लागले. मराठीत तिची ‘गोष्ट’ म्हणजे कथा किंवा बाब झाली, तर हिंदीत ‘गोष्ठी’ म्हणजे चर्चासभा राहिली.

शासकीय व्यवहारात अधिक महत्त्वाचे ठरणारे शब्द संस्कृतमधून थेट घेतलेले आहेत. ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे किंवा शिकविणे. वेदांगांपैकी उच्चारशास्त्राला हेच नाव आहे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत वळण लावण्यासाठी केलेले शासन, म्हणजे दंड, हा अर्थ रूढ झाला. केंद्र शासनाचे ‘सर्व शिक्षा अभियान’ महाराष्ट्रात त्याच नावाने राबविले गेले, तेव्हा मराठी वाचणाऱ्या ग्रामीण पालकाला त्या नावाचा बोध एकदम होणे कठीण होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘समग्र शिक्षा’ या नावालाही तेच लागू आहे.

‘संशोधन’ हा शब्दही असाच. शोधून शुद्ध करणे हा त्याचा मूळ भाव. मराठीने त्यातील शोध घेतला, हिंदीने शुद्धी घेतली. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती हिंदी कागदपत्रांत ‘संविधान संशोधन’ म्हणून येते. घाईने भाषांतर करणाऱ्याने त्याचे ‘घटनेचे संशोधन’ केले, तर वाचणाऱ्याला कोणी विद्वान घटनेचा अभ्यास करीत असल्याचा भास होईल.

‘राजीनामा’ हा फारसी घडणीचा शब्द आहे. ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख; मूळ अर्थ संमतिपत्र. उत्तर भारतातील न्यायालयीन हिंदीत दोन पक्षांत झालेल्या तडजोडीच्या लेखाला ‘राजीनामा’ म्हणतात. मराठीत तो पद सोडल्याचा लेख झाला. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसूल व्यवहारात जमीन सोडून देणाऱ्याचा ‘राजीनामा’ आणि ती घेणाऱ्याची ‘कबुलायत’ अशी जोडी प्रचलित होती. स्वखुशीने हक्क सोडल्याचे लिहून देणे आणि स्वखुशीने पद सोडल्याचे लिहून देणे यांतील जवळीक पाहिली म्हणजे मराठी अर्थाचे वळण ध्यानात येते. भांडण मिटल्याने ‘राजीनामा’ करावयाचा आहे असे एखादा हिंदीभाषक सदस्य म्हणाला, तर त्याचे पद रिक्त झाले असे समजण्याची चूक सरपंचाने वा ग्रामसेवकाने करू नये.

याच गटात ‘वाढ’ येते. वाढणे या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून मराठीत ‘वाढ’ आणि हिंदीत ‘बाढ़’ हे शब्द निघाले. मराठीत ती मुलाची, पिकाची, पगाराची असते. हिंदीत ‘बाढ़’ म्हणजे नदीचा पूर. सिंधीत पुराला ‘बोड’ म्हणतात आणि त्याची जवळीक मराठी ‘बुडणे’ या क्रियापदाशी दिसते. अर्थात एकाच आपत्तीसाठी मराठीने भरण्याचा, हिंदीने वाढण्याचा आणि सिंधीने बुडण्याचा शब्द वापरला.

वेगळी कुळे, एक रूप

काही शब्द मुळात परस्परांपासून फार दूरचे असतात. परंतु शतकानुशतके उच्चार झिजत गेल्यामुळे ते एकाच रूपावर येऊन थांबतात. ‘ऊन’ हा याचा नमुना म्हणावा लागेल. मराठी ‘ऊन’ संस्कृत ‘उष्ण’ या शब्दापासून प्राकृत ‘उण्ह’ या पायरीने आले. हिंदी ‘ऊन’ म्हणजे लोकर. ती ‘ऊर्णा’ या संस्कृत शब्दापासून आली. संस्कृतात स्वतंत्र ‘ऊन’ शब्दही आहे व त्याचा अर्थ उणा, कमी असा होतो. ‘एकोणीस’ या संख्येत तोच दडलेला आहे. एकाने उणे वीस म्हणजे ‘एकोनविंशति’. उष्णता, लोकर आणि उणेपण या तीन कल्पनांना एक रूप मिळाले. त्यात कोणाचीही चूक नाही. तो ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम आहे.

‘दार’ हे रूप घेतले तर मराठी ‘दार’ संस्कृत ‘द्वार’पासून आले. जमीनदार, खातेदार, अर्जदार यांतील ‘दार’ हा फारसी प्रत्यय असून त्याचा अर्थ बाळगणारा, धारण करणारा असा आहे. संस्कृतात पत्नी या अर्थी ‘दार’ हा तिसरा शब्द आहे व तो व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी आणि अनेकवचनी चालतो. मराठी ‘मतदार’ या शब्दात संस्कृत ‘मत’ आणि फारसी ‘दार’ एकत्र नांदतात. हिंदीतील ‘मतदाता’ म्हणजे मत देणारा. मराठी ‘मतदार’ म्हणजे मत बाळगणारा. निवडणुकीच्या कागदपत्रांत दोन्ही शब्द एकाच व्यक्तीसाठी येतात, पण त्यांची घडण निराळी आहे.

‘पीक’ हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा. तो ‘पक्व’ या शब्दाच्या प्राकृत ‘पिक्क’ या रूपापासून आला. ‘पिकणे’ हे क्रियापद त्याचेच भावंड. हिंदीत ‘पीक’ म्हणजे विड्याची थुंकी. ‘पीक विमा’ हा शब्दप्रयोग उत्तर भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला विचित्र वाटला तर नवल नाही. त्याच्या भाषेत तो ‘फसल बीमा’ असतो.

या दोन गटांतील फरक ओळखणे सोपे नसते. फारसी ‘बद’ म्हणजे वाईट; ‘बदनाम’ या शब्दात तो आहे. इंग्रजी ‘बॅड’ याचा अर्थही वाईट. रूप जवळचे, अर्थही तोच. तरी या दोन शब्दांचे कूळ एक नाही, असे भाषाशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. याउलट इंग्रजी ‘गिफ्ट’ म्हणजे भेट आणि जर्मन ‘गिफ्ट’ म्हणजे विष. हे दोन्ही मात्र देणे या एकाच मुळातून निघाले आहेत. तेव्हा केवळ साम्यावरून नाते ठरवू नये आणि केवळ अर्थभेदावरून नाते नाकारू नये. शब्दाचे जुने रूप, त्याच्या मधल्या पायऱ्या आणि शेजारच्या भाषांतील रूपे पाहूनच निर्णय करावा लागतो. मराठीपुरते हे काम कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’ने १९४६ मध्ये वाचकांच्या हाती दिले. एका शब्दाचे अनेक अर्थ नोंदण्याची परंपरा तर या देशात फार जुनी असून ‘अमरकोशा’त त्यासाठी स्वतंत्र नानार्थवर्ग आहे.

नाती आणि संबोधने

शब्दाच्या अर्थाबरोबर माणसाचा मान जोडलेला असतो तेव्हा गैरसमज अधिक बोचतो. मराठीत ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. हिंदीत वडिलांचे वडील. सिंधीत आजोबांना ‘डाडो’ म्हणतात, तर ‘दादा’ हे वडीलधाऱ्या व्यक्तीला, मोठ्या भावाला उद्देशून वापरण्याचे आदराचे संबोधन आहे. ‘काका’ मराठीत वडिलांचा भाऊ, पंजाबीत लहान मुलगा. ‘ताई’ मराठीत थोरली बहीण, हिंदीत वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. अंगणवाडी सेविकेला सर्वत्र ‘ताई’ म्हटले जाते. हिंदीभाषक मातेच्या कानाला त्यात वेगळे नाते ऐकू येऊ शकते. पंजाबीतील ‘भाजी’ म्हणजे भाऊसाहेब. मराठीतील भाजीशी त्याचा संबंध नाही.

‘बाई’ या शब्दाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. मराठी शाळेत शिक्षिकेला ‘बाई’ म्हणणे हा आदर आहे. अहिल्याबाई, मुक्ताबाई या नावांत तो आदर स्पष्ट दिसतो. मुंबईच्या आसपासच्या हिंदीत मात्र घरकाम करणाऱ्या स्त्रीला ‘बाई’ म्हणण्याची रीत पडली आहे. वर्गात नव्याने आलेले अमराठी मूल शिक्षिकेला ‘बाई’ म्हणण्यास कचरत असेल, तर तो उद्धटपणा समजू नये. त्याच्या भाषेतील संस्कार त्याला अडवीत असतो.

सिंधी ‘साईं’ हे संबोधन उल्हासनगरात पावलोपावली ऐकू येते. ते संस्कृत ‘स्वामी’ या शब्दाचे वंशज असून त्याचा वापर ‘महाराज’, ‘साहेब’ यांसारखा होतो. मराठी माणसाला त्यात शिर्डीच्या साईबाबांचे नाव ऐकू येते. परंतु सिंधी घरातील प्रसिद्ध ‘साई भाजी’ यांपैकी कोणत्याच शब्दाशी जोडलेली नाही. सिंधीत हिरव्याला ‘साओ’ म्हणतात व त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘साई’. पालक आणि हरभऱ्याची डाळ घालून केलेली ती हिरवी भाजी होय. नाकात उच्चारल्या जाणाऱ्या एका अनुस्वाराने स्वामी आणि हिरवा रंग यांत भेद होतो.

लिपी आणि उच्चार

वरील उदाहरणावरून लेखनाचे महत्त्व ध्यानात येते. मराठीत पूर्वी व्यक्तीचे ‘नांव’ अनुस्वाराने लिहीत आणि पाण्यातील ‘नाव’ अनुस्वाराविना. १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वर्ज्य केल्यावर दोन्ही शब्द सारखे लिहिले जाऊ लागले. लेखन सोपे झाले. अर्थ ठरविण्याचे काम वाक्यावर आले. सिंधीत व्यक्तीच्या नावाला ‘नालो’ म्हणतात. मराठीत जेथे ‘घोडा’ तेथे सिंधीत ‘घोड़ो’ असे आकारान्त-ओकारान्त नाते असल्याने मराठी कानाला ‘नालो’ ऐकून ‘नाला’ आठवतो.

सिंधीत श्वास आत ओढून उच्चारले जाणारे चार खास वर्ण आहेत. देवनागरीत लिहिताना ग, ज, ड, ब या अक्षरांखाली आडवी रेघ देऊन ते दाखवितात. वर आलेल्या ‘गोठु’, ‘डाडो’ आणि ‘बोड’ या शब्दांत हे ध्वनी आहेत. साध्या देवनागरीत लिहिताना ही रेघ गळते आणि मुळात निराळे असलेले शब्द कागदावर एकरूप होतात. १९६७ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेली ही भाषा अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते.

मराठीच्या घरातही असे प्रसंग घडतात. आगरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. आगरी घरातील मूल ‘खूण’ या शब्दाचा उच्चार ‘खून’ असा करील. प्रमाण मराठीत ‘खून’ म्हणजे हत्या. फारसीत आणि हिंदीत मूळ अर्थ रक्त. ‘बाळ’ हा शब्द आगरीत ‘बाल’ होतो आणि हिंदीत ‘बाल’ म्हणजे केस. एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांच्या तोंडी ‘खून’ हे रूप खूण, रक्त आणि हत्या असे तीन अर्थ सांगू शकते. त्यांतील एकही मूल भाषा चुकीची बोलत नसते.

व्यवहारातील काळजी

हा केवळ विद्वानांचा विषय आहे, असे कोणी म्हणू नये. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली व एक हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा प्रसंगी ध्वनिक्षेपकावरून दिलेली सूचना सर्वांना एकाच क्षणी कळली पाहिजे. ‘पूर’ हा शब्द ज्याच्या कानात गावनावाचा शेवट म्हणून बसला आहे, त्याला ‘पुराचा इशारा’ यातून धोक्याची जाणीव होईलच असे नाही. ‘पाणी वाढत आहे, घरे सोडून उंच जागी जा’ असे साधे वाक्य आणि सोबत ‘बाढ़’ हा एक शब्द जोडला, तर अर्थाविषयी शंका राहत नाही.

पोलिस ठाण्यात किंवा आरोग्य केंद्रात ‘खून निकला’ असे सांगणारा हिंदीभाषक रक्तस्रावाविषयी बोलत असतो. जबाब लिहून घेणाऱ्याने त्याचे शब्द जसेच्या तसे मराठी वाक्यात बसविले, तर किरकोळ दुखापतीच्या नोंदीला भलतेच स्वरूप येईल. जबाब वाचून दाखविताना अशा शब्दांचा अर्थ सांगणाऱ्याकडूनच स्पष्ट करून घेणे हा साधा उपाय आहे.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालतो. कारभाराचे शब्द घडविण्याची येथील परंपरा शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’इतकी जुनी आहे आणि राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने ती पुढे चालविली. तथापि शब्द निश्चित करणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र शासनाचे हिंदी परिपत्रक मराठीत आणताना शिक्षा, संशोधन, राजीनामा यांसारखे शब्द दिसताच थांबावे आणि कोश पाहावा. असे पंधरा-वीस शब्द एका पानावर लिहून मेजावर ठेवले, तरी पुष्कळ घोटाळे टळतील.

शिक्षकांना या विषयाचा आणखी एक उपयोग आहे. ‘शिक्षा’ शब्दाचा अर्थ ‘शिक्षण’ असा लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर मराठीच्या दृष्टीने बरोबर नसेल. पण ते अज्ञानातून आलेले नाही, घरच्या भाषेतून आले आहे. त्यावर नुसती लाल फुली मारण्याऐवजी शेजारी ‘मराठीत कोणता अर्थ?’ एवढे विचारले, तर मुलाला दोन्ही भाषा मिळतात. वर्गाच्या फळ्यावर आठवड्याला एक शब्द घ्यावा. प्रत्येक मुलाने आपल्या घरी त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते सांगावे आणि त्याचे एक वाक्य करावे. ‘ऊन’ किंवा ‘दादा’ या एका शब्दावर चार-पाच भाषांचे वाक्य मिळाले की भाषाशास्त्राचा पहिला पाठ पुस्तकाशिवाय पुरा होतो. आगरी, कातकरी किंवा सिंधी बोलणाऱ्या मुलाला आपल्या घरची भाषा वर्गात सांगण्यासारखी आहे, हेही त्यातून कळते.

पंचायत सदस्यांनी आणि कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी अनेकभाषी वस्तीत काम करताना दोन प्रश्न मनाशी बाळगावेत. हा शब्द बोलणारा कोणत्या भाषेतून बोलत आहे? आणि त्या भाषेत त्याचा अर्थ काय? शब्द कोठून आला हे कोशात पाहता येते; या घडीला त्याने काय सांगितले, हे मात्र समोरच्या माणसालाच विचारावे लागते.

सात दशकांपूर्वी सिंधमधून आलेल्या लोकांनी छावणीच्या बराकींत संसार थाटले आणि आपले शब्द मराठीच्या शेजारी आणून ठेवले. त्यांचा ‘गोठु’ आणि येथील ‘गोठा’ एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नसेल. अर्थ वेगळे असले तरी शब्दांची अशी नाती ओळखता आली, तर शेजारधर्म सोपा होतो. ती ओळख करून देण्याचे काम शाळा, कार्यालय आणि ग्रामसभा यांनी मिळून करण्याजोगे आहे.